पोस्टरच्या आधी मुक्काम

पहाटे ४.००

मे महिन्यात एटापल्ली तालुक्यातली गावं चारला उठतात आणि साडेचारपर्यंत रिकामी होतात. तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम दहा-पंधरा दिवसांचा, पण वर्षातला सर्वांत मोठा रोख पैसा याच दिवसांत हाती येतो. त्यामुळे म्हातारी माणसं आणि रांगती पोरं सोडली तर सगळं गाव जंगलात असतं. 'आरोग्य शिबिर, सकाळी ११ ते १' असं छापलेलं पत्रक समाजमंदिराच्या दारावर लावलेलं आहे. ते तसंच राहणार.

मी एका स्वयंसेवी संस्थेत आरोग्यशिक्षणाचं साहित्य तयार करते: चित्रं, ध्वनिमुद्रणं, गावबैठका. सध्या विषय हिवतापाचा. महाराष्ट्राच्या मलेरियात गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा आहे, आणि त्यातही मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम इथं जास्त. पाऊस पडायच्या आत जे काय सांगायचं ते सांगून व्हायला हवं. अडचण अशी की जिल्हा एक असला तरी श्रोते एक नाहीत. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली आणि आरमोरीकडे माझी झाडीबोली.

काल रात्री आम्ही गावच्या आशा स्वयंसेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या, अंगणात मुक्काम केला. सोबत आमची एक सहकारी. तिचं नाव छापू नको अशी तिची अट आहे म्हणून नुसतं 'आमची माडिया बोलणारी पोरगी' म्हणते. भामरागडकडची, आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली. ती मला 'ताई' म्हणते आणि माझं माडिया ऐकून हसते.

या वेळी कुणाला काही सांगायचं नसतं. फक्त पाहायचं, कोण कुठं झोपलं होतं. आशाताईंच्या घरात मच्छरदाण्या तीन. एक घडी घालून ट्रंकेत, एक कोंबडीच्या पिल्लांवर, तिसरीत धाकटी लेक आणि नातू. बाकी सगळे उघड्यावर. मे महिन्यात या घरात आत कोण झोपणार? आणि अंगणात मच्छरदाणी बांधायची कशाला? शासनाच्या चित्रात खोली आहे, खिडकी आहे, लोखंडी पलंग आहे, भिंतीला चार खिळे आहेत. इथं आभाळ आहे. दोन गावांपलीकडे एका माणसानं बाजेच्या चार पायांना बांबूच्या काठ्या बांधल्या आणि त्यांवर मच्छरदाणी ताणली. बाज उचलून हवी तिथं न्या, मच्छरदाणी सोबत येते. मी त्याचा फोटो काढला, आणि आता आमच्या चित्रात तीच बाज आहे.

सकाळी ६.४५

फवारणीवाले आले. चार माणसं, दोन पंप, एक बादली, एक चिडलेला पर्यवेक्षक. 'घरं बंद, मालक जंगलात, आम्ही टार्गेट कसं पुरं करायचं?' त्याचंही बरोबर आहे.

घरातली फवारणी म्हणजे भिंतीवर औषध. डास चावून झाला की रक्तानं जड होऊन जवळच्या भिंतीवर बसतो, तिथं त्याला औषध लागतं. अडीच-तीन महिने हा असर टिकतो, मात्र एका अटीवर: भिंत सारवायची नाही. आणि पेरणीच्या आधी, पंडुम या सणाच्या आधी, इथली प्रत्येक बाई भिंत सारवते. पाहुणे येणार, देव येणार, भिंत मळकट कशी ठेवायची? म्हणजे सरकार मेच्या शेवटी औषध मारतं आणि बायका आठवडाभरात त्यावर मातीचा हात फिरवतात. कित्येक वर्षं आरोग्य खात्याच्या बैठकांत याला 'जनजागृतीचा अभाव' म्हणत होते. 'सारवू नका' असं पत्रकही निघालं. कुणाच्या घरात जाऊन सणाला भिंत सारवू नका म्हणून सांगून पाहा!

मग आम्ही आशाताई आणि गावातल्या चार म्हाताऱ्यांसोबत बसलो. त्यांनी उपाय दोन मिनिटांत सांगितला.

'आमाले आधी सांगा ना, कवा येता ते. आमी सारवून ठेवतो, मंग तुमी मारा.'

एवढंच. सारवणानंतर फवारणी. त्यासाठी फवारणीची तारीख गावाच्या सणावरून ठरायला हवी, तालुक्याच्या वेळापत्रकावरून नव्हे. या गावानं सारवण उरकून घेतलं आहे, आणि म्हणूनच आज पथक इथं आलं आहे. पर्यवेक्षकाला हे जमवायला तीन अधिकाऱ्यांच्या सह्या लागल्या, म्हणून तो चिडलेला.

दुसरी गोष्ट आतल्या खोलीची. अनेक घरांत आतल्या अंधाऱ्या खोलीत घराण्याचे देव, पूर्वजांचं ठाणं असतं. तिथं परक्या माणसानं जायचं नाही. गोंड समाजात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा शाखा आहेत. कोण कुणाचा भाऊबंद आणि कोण सोयरा हे त्यावरून ठरतं. तालुक्याहून आलेला पंपवाला यातला कुणीच नाही. तो दारात अडवला जातो, तो वहीत 'नकार' लिहितो, आणि डास नेमका त्याच अंधाऱ्या, गार खोलीत बसतो. आता पथकात एक जागा गावातल्या पोराला देतात. आतली खोली घरचा माणूस किंवा त्याच देव्यांतला भाऊबंद फवारतो. आज शेवटच्या टोकाच्या घरात नातवानं पंप हातात घेतला आणि आजीनं आधी आत जाऊन देवाला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

ढेकणांचं मात्र अजून कोडं आहे. औषधानं ढेकूण बिळातून बाहेर पडतात, चार दिवस जास्त चावतात, आणि गाव म्हणतं, 'औषधानं ढेकूण वाढले.' हे आधीच सांगितलं तर लोक समजून घेतात. नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो.

सकाळी ९.००

पुजाऱ्याचं घर. म्हातारा तेंदूला जात नाही, गुडघे गेलेत. ताप आला की गाव आधी याच्याकडे येतं, त्यामुळे आम्हीही आधी याच्याकडे येतो.

'जोहार, दादा.' 'जोहार. बस, माय.'

त्याच्याशी आमचा एक ठराव आहे. तापाचा माणूस आला की त्यानं पोराला धाडून आशाताईला बोलवायचं. आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मलेरियाच्या तपासणी किटवर टाकते. निकाल यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि त्याची पूजा त्याहून जास्त वेळ चालते. पूजा आटपेपर्यंत निकाल हातात. गोळी सुरू करायची तर त्याच्याच समोर, त्याच्याच हातून. त्याचा मान गेला नाही, आमचा दिवस गेला नाही.

आमच्या कोणत्याही साहित्यात 'अंधश्रद्धा' हा शब्द नाही. तो मी नोकरीच्या सुरुवातीलाच काढून टाकला. ज्याच्या ओसरीवर बसून चहा प्यायचा, त्याच्याच दारावर तो शब्द चिकटवायचा, हे मला जमत नाही. पण शहरातून येणारी काही मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. पुजाऱ्याचं सगळंच त्यांना प्राचीन ज्ञान वाटतं. तसंही नाही. झटके येणारं पोर, शुद्ध हरपलेला माणूस, अंगावर पिणं सोडलेलं बाळ, या तिन्हींत थांबायचं नाही, कोंबडं नंतर. यावर आमची या म्हाताऱ्याशी कडाक्याची भांडणं झाली आहेत. शेवटी तो म्हणाला, गाडीत बसून मी मंत्र म्हणेन. चालेल. गाडी निघाली पाहिजे.

निघताना पोरीनं गावाबाहेरची झोपडी दाखवली. कुर्माघर. पाळीच्या दिवसांत बायका इथं राहतात. मच्छरदाण्या वाटताना घरटी माणसं मोजतात, दोन माणसांमागे एक. कुर्माघरात कुणाचंच नाव नाही, म्हणून यादीत तेही नाही. महिन्यातले चार-पाच दिवस गावातली प्रत्येक तरुण बाई ज्या छपराखाली झोपते, तिथं मच्छरदाणी शून्य. प्रथा बंद व्हावी असं मला वाटतं, आणि ते ठरवायचा हक्क इथल्या बायकांचा आहे असंही वाटतं. तो वाद चालू राहील. तोवर आज दोन मच्छरदाण्या कुर्माघराच्या नावानं आशाताईंच्या वहीत लिहून घेतल्या.

सकाळी ११.३०

आलापल्ली. येताना सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे तास गेला. अंगावर लाल धूळ, पारा चव्वेचाळीसच्या वर.

राजधानीतून एक मेल आलेला: 'गोंडी भाषेतील पोस्टर, तातडीने अभिप्राय द्यावा.' आम्ही तिघं पाहायला बसलो.

गोंडी आहे खरी, पण मध्य प्रदेशाकडची. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी आपली भाषा म्हणून सांगितली. ती अर्ध्या मध्य भारतावर पसरलेली आहे. छिंदवाड्याचं वाक्य भामरागडच्या बाईला अर्धंमुर्धं कळतं. हे एकवेळ दुरुस्त करता येईल. मूळ घोळ वेगळाच आहे. हे पोस्टर वाचणार कोण? ज्याला वाचता येतं तो आश्रमशाळेत मराठीतून शिकला आहे, त्याला मराठी पोस्टर चालतं. ज्याला वाचता येत नाही त्याला गोंडीतलंही येत नाही. माडियात छापलेला मजकूर वाचायची सवय कुणालाच लागलेली नाही, कारण तसं वाचायला काही मिळालेलंच नाही. मी भाषेच्या विरोधात नाही, उलट. माडियात हे कानावर पडायला हवं. कागदावर आलं की अधिकाऱ्याचं समाधान होतं.

मग चित्र. बाईच्या अंगावर काठापदराची साडी, कपाळावर मोठं कुंकू, मागे गॅसची शेगडी. मच्छरदाणीशेजारी उघडं पाण्याचं पिंप, त्यावर लाल फुली. आम्ही चित्र दाखवून कधीच 'कळलं का?' असं विचारत नाही, कारण लोक भिडेनं हो म्हणतात. 'काय दिसतं?' एवढंच विचारतो. ऑफिसात पाणी भरायला येणाऱ्या अक्काला विचारलं.

'शेरातली बाई हाये. पिंपावर कोणीतरी खूण केली.' 'कशाची खूण?' 'त्याईचं पिंप हाये म्हणून.'

फुली म्हणजे 'करू नका' हे शाळेत चुकीच्या उत्तरावर फुली खाल्लेल्यालाच कळतं. शिवाय उघड्या पिंपातला डास डेंगीचा. इथला मलेरियाचा डास ओढ्यात, नाल्यात, धानाच्या बांधीत वाढतो. म्हणजे पोस्टर मुंबईच्या चाळीसाठी काढलेलं, फक्त अक्षरं गोंडी झालीत.

ऑफिसातल्या नव्या मुलानं विचारलं, 'ताई, मग चांगलं उदाहरण कुठलं?' मी त्याला धानोऱ्याच्या रस्त्यावर शोधग्रामला जाऊन यायला सांगितलं. अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' ही तिथली संस्था १९८६ मध्ये सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. लोक म्हणाले, पांढरे कपडे घातलेल्या डॉक्टर-नर्सांची भीती वाटते, आम्ही प्रेताला पांढऱ्यात गुंडाळतो. एवढ्या मोठ्या इमारतीत हरवायला होतं, नातेवाइकांना राहू देत नाहीत. मग तिथला दवाखाना गोंडांच्या गावासारखा झोपड्यांचा झाला, सोबत नातेवाइकांना जागा झाली, आणि नाव पडलं माँ दंतेश्वरी दवाखाना. त्यांच्याकडे बाळाचे श्वास मोजायचं साधं साधनही होतं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. मोठे आकडे न येणाऱ्या दाईलाही ते जमायचं. तिला साठपर्यंत मोजायला शिकवण्याचं शिबिर कुणी घेतलं नाही. बदललं ते साधन. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास आला, घरोघरच्या नवजात सेवेनं नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा. ती सेवा देणाऱ्या गावातल्याच बायका होत्या.

मेलला उत्तर लिहिलं. शक्य तितक्या नम्रपणे.

दुपारी १.३०

डबा, मग ध्वनिमुद्रण. पंखा बंद, कारण आवाज येतो. घामानं कागद ओले.

आज गोळ्यांची गोष्ट. मलेरियाच्या गोळ्यांची पाकिटं वयाप्रमाणे रंगीत असतात: गुलाबी, पिवळं, हिरवं, लाल, आणि मोठ्या माणसाला पांढरं. सोय उत्तम आहे, पण वय कुणाला ठाऊक असतं? 'पाच ते आठ वर्षे' म्हणून चालत नाही. आमच्या पोरीनं प्रश्न बदलले. दुधाचे दात पडायला लागले का? एकटा बैलं राखायला जातो का? त्यावरून आशाताई अंदाज घेते, वजन करते, रंग ठरवते.

दुसरं म्हणजे गोळ्या पूर्ण घेणं. पहिल्या दिवशी ताप उतरतो, लोक उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी कुडात खोचून ठेवतात. काटकसर म्हणून हे शहाणपणाचंच आहे. ज्याच्या गावाला जूनपासून रस्ता नाही, तो औषध साठवणारच. त्याला 'निष्काळजी' म्हणून उपयोग नाही. आमच्या ध्वनिमुद्रणात सासू-सुनेचं संभाषण आहे. सासू गोळ्या जपून ठेवते. सून सांगते की आशाताईकडे पावसाळाभराचा साठा आलाय, पुढच्या वेळी नवं पाकीट मिळेल. हे वाक्य खरं ठरायला आशाताईकडे साठा असायला हवा. म्हणून ध्वनिमुद्रण वाजवायच्या आधी मी तालुक्याच्या औषधभांडाराला फोन केला. साठा निघाला नसेल तर ही फीत वाजवायची नाही, असं ठरलंय.

दुपारी ४.३०

फळी, म्हणजे तेंदूपानं मोजून घ्यायची जागा. जंगलाच्या कडेला सावलीत मुन्शी वही घेऊन बसलेला, समोर सत्तर-सत्तर पानांच्या पुड्यांच्या रांगा. शेकड्याच्या हिशेबानं पैसे, त्यामुळे मोजणी होईपर्यंत कुणी हलत नाही. तालुक्यातली सगळ्यात मोठी, सगळ्यात सावध, न बोलावता जमलेली सभा! शिबिर घ्यायचं तर इथं.

मी पेटी ठेवली, पोरीनं फीत लावली. सासूच्या आवाजाला हशा पिकला, कारण तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता; बाजूच्याच गावच्या बाईचा. आशाताईनं तापाच्या माणसांचं रक्त घेतलं. बाहेरून आलेले मजूर झाडाखाली झोपतात, त्यांच्याकडे मच्छरदाणी नसते. ग्रामसभेच्या अध्यक्षांनी ठेकेदाराला सगळ्यांसमोर विचारलं, याईच्या मच्छरदाण्या कोण आणणार? पेसा आणि वनहक्क कायद्यानंतर अनेक ठिकाणी पानांचा लिलाव ग्रामसभाच करते, म्हणून हा प्रश्न विचारायची ताकद तिच्याकडे आहे. ठेकेदारानं 'बघतो' म्हटलं. अध्यक्षांनी ते मुन्शीच्या वहीत लिहून घ्यायला लावलं. माझ्या दहा भाषणांनी हे झालं नसतं.

संध्याकाळी ७.३०

मुलचेऱ्याजवळची बंगाली वसाहत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना इथं जमिनी दिल्या, आता तिसरी पिढी शेती करते. धानाची बांधी, घरामागे मासळीचा पुकुर (तळं), तुळशीपुढं दिवा.

इथं मच्छरदाणीचं एक अक्षर बोलायचं नाही. संध्याकाळ झाली की प्रत्येक घरात मशारी लागते. मुलीच्या संसारातही ती असते. जिल्ह्याच्या योजनेत मात्र इथं आणि भामरागडला तेच भाषण, तेच पोस्टर. एका मावशीनं मागं मला ऐकवलंच होतं, 'दीदी, मशारी टांगायला तुम्ही आम्हाला शिकवणार?'

इथला प्रश्न वेगळा. ताप आला की लोक नाक्यावरच्या 'डाक्टरबाबू'कडे जातात, तो न तपासता सुई आणि सलाईन देतो, आणि रक्ताची तपासणी तीन-चार दिवस लांबते. फाल्सिपेरमला तेवढे दिवस पुरतात. त्याला शिव्या देऊन चालणार नाही; तो बंगाली बोलतो, रात्री दोनला उठतो, उधारी ठेवतो. सरकारी दवाखाना यातलं काय देतो? आज हरिनामाच्या मंडपात बसून बायकांनी ठरवलं की सुई घ्यायची असेल तर घ्या, पण आधी किट मागा, आणि किट वसाहतीतल्या आशाकडे आहे. कीर्तनाच्या आधी दहा मिनिटं आम्हाला दिली होती. आम्ही आठ मिनिटांत आटपलं.

रात्री १०.१५

अहवाल. रकाने ठरलेले: पोस्टर वाटप, पत्रक वाटप, घेतलेल्या सभा, उपस्थिती. कुणी कुठं झोपलं, भिंत कधी सारवली, किट पूजेच्या वेळी लागली की नंतर, यांना रकाना नाही. मी ते 'शेरा' मध्ये बारीक अक्षरात लिहिते.

जे आरोग्याची पत्रकं काढतात, भाषांतरं करून घेतात, निधी मंजूर करतात, त्यांना एवढीच विनंती आहे: छपाईचे पैसे कापा आणि मुक्कामाच्या खर्चाला मंजुरी द्या. ज्या गावासाठी लिहिता तिथं एक रात्र अंगणात झोपा, पहाटे चारला उठा. आणि हे १० जूनच्या आत करा. त्यानंतर नाल्यांना पाणी येतं आणि यातल्या अनेक गावांची वाट ऑक्टोबरपर्यंत बंद असते.